उलटा खो

माग बंद पडले आणि मी टक्क जागी झाले.

तुम्हाला हे उलटं वाटेल. पण आमच्या विट्यात, आमच्या गल्लीत घराघरात यंत्रमाग होते आणि ते रात्रभर खडखडत असायचे. गावाला आलेला पाहुणा पहिल्या रात्री तळमळायचा, दुसऱ्या रात्री कानात बोळे घालायचा आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी महत्त्वाचं काम आठवून निघून जायचा. आम्ही त्या आवाजातच वाढलो. वीज गेली, माग थांबले, की गल्लीतली तान्ही बाळंसुद्धा दचकून उठायची.

"आई," मी अंधारात विचारलं, "नसीम येऊन गेली?"

"न्हाई." आई चिमणी पेटवत होती. "आन् तू कशी गं उठलीस? बरं वाटतंय न्हवं?"

आई चेष्टा करत नव्हती. तिला खरंच काळजी वाटली असणार, कारण मी आपणहून उठल्याचं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. माझे वडील सोनं गाळायच्या कामाला कोईमतूरला असायचे. वर्षातून एकदा घरी आले की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचे, "काय, कुंभकर्ण उठला का?" आणि बहुतेक वेळा उठलेला नसायचा.

"वाजले किती?"

आईने चिमणी भिंतीवरच्या घड्याळापाशी नेली. "पाचाला धा कमी."

सांगलीची पहिली गाडी पाचची. त्या गाडीने आमचा खो-खोचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांना निघणार होता. आणि मला उठवायला कुणीच आलं नव्हतं!

इथे जरा आमच्या उठण्याची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या खेळाच्या बाई, तारळेकर बाई, शाळेशेजारी एका खोलीत एकट्या राहायच्या. उंच, काटक, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाचा पोरगा या टोकाला शिट्टी मारायचा थांबायचा. सराव पहाटे. बारा पोरींना पहाटे गोळा करायचं म्हणजे बेडकं पाटीत भरण्यासारखं. तेव्हा बाईंनी युक्ती काढली. त्या फक्त पहिल्या दारावर जायच्या. पहिलीने उठून तयार व्हायचं, दुसरीच्या दारावर जायचं, तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचं, "खो!" मग दुसरीने तिसरीला. अशा दोन साखळ्या होत्या. स्टँडच्या बाजूला आठ पोरी राहायच्या, त्यांची एक. आणि आमच्या गल्लीतली चौघींची दुसरी. पहिलं दार इंदूचं, म्हणजे आमच्या कप्तान इंदुमतीचं. दुसरं सुरेखाचं, तिसरं नसीमचं आणि शेवटचं माझं, शालनचं.

नियम मैदानावरचाच. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. एकदा सुरेखा उत्साहाच्या भरात आपली आपणच उठून थेट मैदानावर गेली, आणि तिला उठवायला आलेली इंदू तिच्या दारात खोळंबून राहिली. बाईंनी सुरेखाला मैदानाला इतक्या फेऱ्या मारायला लावल्या की ती दोन दिवस जिना चढताना आई गं, आई गं करत होती. तेव्हापासून कुणाची हिंमत नव्हती.

मला शेवटी का ठेवलं होतं, ते मला पक्कं माहीत होतं. शेवटची झोपून राहिली तर एकटीच झोपून राहते, साखळी तुटत नाही. आणि मी राहायचे. नसीम खो देऊन जायची, मी "हो गं" म्हणायचे आणि कूस बदलायचे. गेल्याच आठवड्यात तिसऱ्यांदा तसं झालं, तेव्हा बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "शालन, पुन्हा एकदा झालं तर तुझ्या जागी दुसरी मुलगी घेईन. पळतेस वाऱ्यासारखी, पण अंथरुणातून पळता येत नाही."

तर त्या पहाटे चिमणीच्या उजेडात मला एकच गोष्ट दिसली. मुलींनी परस्पर ठरवलं आणि त्या मला टाकून गेल्या. कशाला ही ब्याद बरोबर, असं म्हणून.

मी रडले नाही, तेवढा वेळच नव्हता. आईने आदल्या रात्री धुऊन ठेवलेला गणवेश अंगात घुसवला, वेणी अर्धी तशीच सोडली आणि दारात आईने हातात कोंबलेली भाकरी पिशवीत टाकून सुटले. बाहेर मिट्ट काळोख. माग बंद पडल्यामुळे कामगार ओट्याओट्यावर येऊन बसले होते, विड्यांची टोकं तेवढी लुकलुकत होती.

"कोण गं ती? शालन?" कुणीतरी ओरडलं. "आज सूर्य कुठनं उगावणार हाय?"

मी पळतच राहिले. स्टँडकडे जायची वाट नसीमच्या दारावरूनच होती. तिच्या दाराशी आले आणि उंबऱ्यावर काहीतरी आहे असं वाटून थबकले.

आतल्या चिमणीच्या उजेडात उंबऱ्यावर नसीम बसली होती. पायात बूट. दोन घट्ट वेण्या, लाल फिती. शेजारी पिशवी. माझ्याकडे पाठ करून, मैदानावर बसतो तशी, एक गुडघा वर आणि हात जमिनीला टेकलेले.

"नसीम! तू हितं काय करतीयास?"

ती दचकली, पण उठली नाही. "खो न्हाई आला."

"म्हंजे?"

"म्हंजे सुरेखा न्हाई आली. मी मघाधरनं तयार होऊन बसलीय."

आतून तिची अम्मी ओरडली, "बघ गं शालन, मी सांगून सांगून दमले. जा म्हटलं, तर म्हणते, बाई फेऱ्या मारायला लावतील! अगं, गाडी गेल्यावर कशाच्या फेऱ्या मारणार तू?"

मला हसावं की हिच्या वेण्या उपटाव्यात ते कळेना. आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा खाली आला. त्या मला टाकून गेल्या नव्हत्या! मी एवढी खूश झाले की नसीमला मिठीच मारायला निघाले.

"ऊठ, ऊठ, चल!"

"पण खो..."

"हा घे!" मी तिच्या पाठीत अशी थाप हाणली की ती उंबऱ्यावरून खाली आली. "खो!"

"उलटा कसा खो?" उभी राहता राहता नसीम कुरकुरली. "शेवटच्यानं आदीच्याला द्यायचा नसतोय. फाऊल हाय."

"फाऊल तर फाऊल. पळ!"

सुरेखाचं घर पुढे, गल्ली वळते तिथे. आम्ही पोहोचेपर्यंत ओट्यावरून सुरेखाच्या आजोबांचा आवाज ऐकू यायला लागला होता. ते भजनी मंडळात मृदंग वाजवायचे आणि रागावले तरी तालात रागवायचे. "ऊठ म्हणतो, ऊठ म्हणतो, ऊठ की गं भवाने! गाडी सुटली, गाडी सुटली, मग बस डोकं धरून!"

आणि सुरेखा खांबाला टेकून बसलेली. तिचेही बूट, तिचीही पिशवी. आम्हाला बघून तिने डोळे विस्फारले.

"तुम्ही हिकडनं कुठनं आला? इंदू कुठाय?"

"तुझ्याकडं न्हाई आली?"

"न्हाई. मला वाटलं गाडीच उशिरा हाय, म्हणून बाईंनी उशिरा उठवायचं ठरीवलं असंल."

"आगं, मग बघायला जायचं न्हाई?"

"एकदा गेले होते की. फेऱ्या कुणी मारल्या, तू?"

दोन दोन पोरी, दोघी जाग्या, दोघींच्या वेण्या घातलेल्या, आणि दोघी आपापल्या दारात शहाण्यासारख्या बसून गाडी चुकवत होत्या. पुढे आयुष्यात मी पुष्कळ नियम पाळणारी माणसं पाहिली, पण अशी नाही पाहिली. मी सुरेखाच्याही पाठीत धपाटा घातला. "खो!" आजोबा ओट्यावरून म्हणाले, "शाब्बास, आणखी एक घाल."

आता आम्ही तिघी झालो. स्टँडवर आठ. मैदानात उतरायला नऊजणी लागतात, नऊ नसतील तर खेळायच्या आधीच हार. आम्ही तिघी पोहोचलो तर सामना व्हायचा. तिठ्यावर उभ्या राहिलो. डावीकडे स्टँडचा रस्ता, सरळ पळत गेलं तर गाडी मिळेलही. उजवीकडे बोळ, बोळाच्या टोकाला इंदूचं घर.

"इंदू गेली असंल पुढं," सुरेखा म्हणाली. "चला."

"मला खो न देता?" नसीम म्हणाली. "म्हंजे तुला न देता?"

"आजारी पडली असंल मग. आपण तर गाठूया गाडी. अकराजणी होतोय की आपण."

हिशोबाने तिचं बरोबर होतं. पण माझे पाय डावीकडे वळेनात. थोड्याच वेळापूर्वी मी अंधारात अंथरुणावर बसले होते, आणि सगळ्या मला सोडून गेल्या असं मला वाटलं होतं. कसं वाटतं ते मला ताजं ताजं माहीत होतं. तसं इंदूला वाटू द्यायचं? इंदूला, जिने मला खांबावरून सूर मारायला शिकवलं?

"तुम्ही जावा," मी म्हटलं. "गाडी धरून ठेवा. मी तिला घेऊन येते."

आणि उजवीकडे सुटले. मागे वळून पाहिलं तर दोघी माझ्या मागेच.

"तुमाला स्टँडवर जा म्हटलं न्हवं?"

"तुझ्यावर भरवसा कुणी ठेवायचा?" नसीम धापा टाकत म्हणाली. "तू तिथंच झोपशील तिच्या घरात."

इंदूच्या घरात अंधार होता. दार नुसतं लोटलेलं. तिची आई धाकट्या मावशीच्या बाळंतपणाला गेलेली, वडील रात्रपाळीला. मी दार ढकललं आणि "इंदे!" अशी हाक मारली. सुरेखाने चुलीवरची काडेपेटी शोधून काडी ओढली.

इंदू भिंतीला पाठ लावून बसली होती. अंगात गणवेश. समोर घमेल्यात गरम पाणी होतं ते कधीच निवलं होतं, आणि त्यात तिचा उजवा पाय. घोटा एवढा सुजलेला की पायाला घोटा आहे हेच कळू नये.

"आगं आई गं!" नसीम खाली बसली. "कधी झालं हे?"

"काल. तिन्हीसांजेला." इंदू आमच्याकडे बघत नव्हती. "बाईंनी सराव बंद म्हटला होता, तरी मी गेले एकटी मैदानावर. म्हटलं, एक सूर मारून बघू. खांब सुटला हातातनं."

"बाई आल्या न्हवत्या सकाळी?"

"आल्या की. दारातनं हाक मारली. मी ओ दिली. त्या स्टँडवर गेल्या. मग उठाय गेले तर पाय टेकंना."

काडी विझली. सुरेखाने दुसरी ओढली.

"मग आरडायचं की!" मी म्हटलं. "शेजारी सांगायचं. कुणालातरी सुरेखाकडं धाडायचं. आम्ही तिकडं दारात बसून ऱ्हायलोय, गाडी चाललीय..."

"माहीत हाय."

"माहीत हाय? मग?"

इंदूचा आवाज एकदम चढला. "मग काय मग? तुमाला सांगितलं असतं तर तुमी गेला असता. सगळ्या. निवडीला येणार हायेत आज माणसं, राज्याच्या संघासाठी. तीन वर्सं झाली मी वाट बघतीय. मी हितं घमेल्यात पाय घालून बसणार, आन् तुमी तिकडं खेळणार. मला वाटलं, मी न्हाई तर कुणीच नगं. जाऊ दे गाडी. असं वाटलं मला. आता मारा मला."

आणि तिने तोंड ओंजळीत झाकलं.

खोटं कशाला सांगू, मला खरंच मारावंसं वाटलं. सुरेखाने तर हात उगारलाच होता. आमची कप्तान! जिच्या एका इशाऱ्यावर आम्ही काट्यातून पळालो असतो, तिने आम्हा सगळ्यांना पाण्यात बुडवायचं ठरवलं होतं. संतापाने माझे कान तापले. आणि तिचे खांदे हलताना दिसले तेव्हा तो संताप कुठे गेला कुणास ठाऊक. इंदूला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती हरल्यावर आम्हाला गूळ-शेंगा वाटायची.

मी तिच्यासमोर पाठ करून उकिडवी बसले.

तिला काय वाटलं असेल ते वाटो. तिने ओला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि हुंदका गिळत म्हणाली, "खो."

"खो नगं देऊस!" मी ओरडले. "चढ पाठीवर!"

नसीम खुदकन हसली. सुरेखाही हसली. आणि मग इंदूही, रडता रडता, नाक ओढत. एवढी उशिराची वेळ आणि आम्ही चौघी अंधारात खिदळतोय! तिला पाठीवर घेऊन मी बोळातून निघाले, पण इंदू काही फुलासारखी हलकी नव्हती. तिठ्यापर्यंत येता येता मला दोनदा तिला खाली टेकवावं लागलं. नसीमने तिला घेतलं, चार पावलांत ती भिंतीला धडकली.

"थांबा," ती म्हणाली. "अब्बांची गाडी!"

सुताची बाचकी वाहायची हातगाडी तिच्या दाराशी उभीच असायची. नसीम पुढे पळाली, आणि इंदूला पुन्हा पाठीवर घेऊन मी मागोमाग. तिचे अब्बा ओट्यावर विडी ओढत वीज यायची वाट बघत होते. त्यांनी एकदा नसीमकडे पाहिलं, एकदा माझ्या पाठीवरच्या इंदूकडे पाहिलं, आणि विडी टाकून स्वतःच गाडीवरची बाचकी खाली ओढली.

"घेऊन जा. उताराला दांडी दाबून धरा, न्हाईतर गाडी तुमच्या आदी सांगलीला जाईल."

मग जे झालं ते आमच्या गल्लीने पुढे कित्येक वर्षं सांगितलं. गाडीवर इंदू, मांडीवर चार पिशव्या. पुढून ओढायला नसीम, मागून ढकलायला मी आणि सुरेखा. रिकामे बसलेले माग कामगार ओट्यावरून उठून उभे राहिले. "अरं, पोरी चालल्यात! वाट द्या!" कुणी टाळ्या वाजवायला लागलं, कुणी शिट्टी मारली, सुरेखाचे आजोबा ओट्यावरून ताल धरून ओरडत होते, "पळा गं पळा, पळा गं पळा!" उतारावर गाडी अशी सुटली की नसीमला ओढायची गरजच राहिली नाही. जीव वाचवायला ती पुढे धावत होती आणि आम्ही दांडीला लोंबकळत मागे फरपटत होतो. इंदू दोन्ही हातांनी फळी धरून किंचाळत होती, "डावीकडं! डावीकडं घे! खड्डा!" मैदानावर ओरडते तशीच.

मला वाटतं, मी तेव्हा खूप मोठ्याने ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. पूर्वेकडे नुकतं तांबडं फुटलं होतं. पहाट एवढी मोठी असते, एवढी थंड आणि मोकळी असते, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. आजवर डोळे चोळत, अर्धवट झोपेत तिच्यातून पाय ओढत गेले होते. त्या दिवशी मी तिच्यात शिरले होते.

स्टँडवर गाडी उभी होती. गाडीचं इंजिन सुरू होतं. आणि तारळेकर बाई दारातल्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभ्या होत्या.

"बाई, पाया पडतो तुमच्या," कंडक्टर रडकुंडीला आला होता. "पाच मिनटं म्हणून म्हणून साडेपाच केलं तुमी. माझी नोकरी घालवताय."

"मला ढकलून गाडी न्या," बाई म्हणत होत्या. "माझ्या चार मुली यायच्यात."

खिडक्यांतून आठ डोकी बाहेर. एकदम आरडाओरडा झाला. "आल्या! आल्या! हातगाडीवरनं आल्या!" सगळी गाडी बघायला लोटली, ड्रायव्हरसुद्धा मान बाहेर काढून हसायला लागला.

बाई पायरीवरून उतरल्या. इंदूच्या पायाकडे त्यांनी एकदाच पाहिलं. इंदूने काही लपवलं नाही. सगळ्यांसमोर, हातगाडीवर बसूनच, तिने सांगितलं. सूर मारला तेही, आणि आम्हाला मुद्दाम उठवलं नाही तेही. मी धसकून बाईंकडे बघत होते.

बाईंनी खिशातून, म्हणजे त्या नेहमी घालायच्या त्या पुरुषी शर्टाच्या खिशातून, पट्टी काढली आणि तिथेच खाली बसून इंदूचा पाय बांधायला घेतला. पट्टी घट्ट ओढली तशी इंदू कळवळली.

"दुखतंय?"

"व्हय बाई."

"दुखू दे. आज तू खेळणार नाहीस. कडेला बसशील आणि ओरडशील. कप्तान आहेस ना? पाय गेला, घसा आहे." मग गाठ मारून त्या उठल्या. "आणि यांना का नाही उठवलंस ते यांच्याशी तू मिटव. मला त्यात घेऊ नकोस."

सामना आम्ही जिंकलो. इंदू कडेला बाकावर उभी राहून इतकी ओरडली की संध्याकाळी तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिची निवड त्या वर्षी झाली नाही, नसीमची झाली. इंदूने ती बातमी ऐकली आणि नसीमच्या पाठीवर जोरात थाप मारली, इतकी जोरात की नसीम पुढे गेली, आणि मग दोघी गळ्यात पडून रडल्या. ते खरं रडणं होतं.

परतीच्या गाडीत सगळ्या पेंगत होत्या. बाईंनी मला बोलावून शेजारी बसवलं. मला वाटलं, आता आलं.

"खो न मिळता उठलीस?"

"व्हय बाई."

"वर उलट्या दिशेने पळालीस."

"व्हय."

"मैदानावर केलंस तर बाहेर काढीन." त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. उसाच्या फडावर ऊन उतरलं होतं. "तुला कुणी उठवलं आज?"

"कुणी न्हाई. माग बंद पडले."

बाई हसल्या. पहिल्यांदाच इतक्या जवळून त्यांना हसताना बघितलं, तेव्हा त्या मला एकदम माझ्या आईच्या वयाच्या दिसल्या. आजवर त्यांना वय असतं असं वाटलंच नव्हतं.

"सगळे मला विचारतात," त्या म्हणाल्या, "हे खोचं खूळ कशाला? प्रत्येकीला एक गजराचं घड्याळ घ्यायला सांगा. पण गजर बंद करता येतो गं. दारात उभी राहिलेली मैत्रीण बंद करता येत नाही."

"तुमाला कोण उठवतं बाई?"

विचारून टाकलं आणि जीभ चावली. बाईंनी खिडकीची काच खाली ओढली.

"गजर," त्या म्हणाल्या. "इथे येऊन सहा वर्षं झाली. रोज वाजतो आणि रोज वाटतं, बंद करावा आणि पडून राहावं. थंडीत तर फार वाटतं. मग आठवतं, इंदू उठून बसली असेल. तिला कोण हाक मारणार? म्हणून उठते. माझ्या दारावर कुणी येत नाही ना."

गाडी वळली. बाईंनी माझी अर्धी सुटलेली वेणी हातात घेतली आणि घालायला लागल्या.

"उद्यापासून तू शेवटी नाहीस," त्या म्हणाल्या. "उद्यापासून पहिलं दार माझं. आणि मला तू उठवायचंस."

मला हसू आलं. मी? बाईंना? "बाई, मी झोपून राहिले तर?"

"तर मीही राहीन."

त्या रात्री माग चालू होते, रोजच्यासारखे खडखडत. मी तीनदा उठून घड्याळ बघितलं. चौथ्यांदा आईच वैतागून म्हणाली, "जा बाई एकदाची, मला तरी झोपू दे." बाहेर पडले तेव्हा आकाशात चांदण्या होत्या. शाळेकडे मी पळतच गेले, सामन्यातसुद्धा पळाले नव्हते तेवढी. बाई चेष्टा करत असतील असं अजून वाटत होतं. त्या दारात तयार उभ्या असतील, गळ्यात शिट्टी अडकवून, आणि म्हणतील, आलीस का शेवटी?

दार बंद होतं. मी कडी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली, जोरात. मग तळहाताने दार बडवत ओरडले, "बाई! बाई, उठा! खो!"

आत काहीतरी धडपडलं. कडी निघाली. बाई दारात आल्या तेव्हा केस विस्कटलेले होते, गालावर उशीची वळी उमटली होती, डोळे धड उघडत नव्हते. त्या झोपल्या होत्या. गाढ, एखाद्या लहान पोरीसारख्या.

"आले, आले," त्या म्हणाल्या.

"बाई, गजर न्हाई वाजला?"

"लावलाच नव्हता," बाई डोळे चोळत म्हणाल्या. "तू येणार होतीस ना."